दगड मी निवडला

आमच्या घरात सासऱ्यांना सुनेला काही विचारायचं असलं की ते सासूबाईंना विचारतात. सून वाढायला समोर उभी असली तरी. "भाजीमा मीठ टाकेल शे का, इचार तिले," असं ताटाकडे बघत म्हणतात. सासूबाई तेच वाक्य माझ्याकडे वळवतात, मी उत्तर सासूबाईंना देते आणि सासऱ्यांनी ते आधीच ऐकलेलं असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे नाटक वाटायचं. हसू दाबायला मी पदर तोंडात धरायची. पुढे हसू आपोआप बंद झालं. यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो, हे मलाही कळतं. सासऱ्याने सुनेशी थेट बोलू नये आणि सुनेने सासऱ्याला थेट उत्तर देऊ नये, यालाच आमच्याकडे मान म्हणतात. हा मान नको असला तरी परत करायची सोय नाही.

एका रविवारी मात्र जेवताना आबांनी ताटावरून नजर उचलली. सासऱ्यांना घरात आणि गावातही सगळे आबाच म्हणतात. नजर माझ्याकडे नव्हती, माझ्या मागच्या भिंतीकडे होती. पण तेवढंही खूप होतं. "दगड सूनबाईले पसंत करू दे," ते सासूबाईंना म्हणाले. "ती शिकेल शे." माझा नवरा घास घेता घेता थांबला. सासूबाई ते वाक्य माझ्याकडे वळवायला विसरल्या. मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांत या घराने मला कांदे कोणते आणायचे हेही विचारलं नव्हतं, आणि आता घराचं तोंड कसं दिसावं ते मी ठरवणार होते.

दगड म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीला लावायचा दगड. आमचं गाव तळोद्याहून शहाद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, केळी आणि पपईचं. पीक चांगलं आलं की इथली माणसं आधी घराचा पुढचा भाग बदलतात. इलेव्हेशन हा शब्द आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. समोरच्या घराने निळ्या काचा लावल्या, तेव्हापासून सकाळी आमच्या ओट्यावर बसणाऱ्यांचे डोळे दिपतात. पण काचा चांगल्या नाहीत असं कुणी म्हणत नाही, आपण याहून भारी काय लावायचं एवढंच बोलतात. आम्हाला घाई होती ती माझ्या दिरामुळे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं हल्ली अवघड झालंय, आणि मुलीकडची माणसं गाडीतून उतरायच्या आधीच घर जोखतात. ती उंबऱ्याच्या आत येण्यापूर्वीच त्यांचं मन तयार झालं पाहिजे, असं आबांचं म्हणणं होतं. त्यासाठी दगड.

घराला पुढे ओटा आहे, लांब, ऐसपैस, फरशी घातलेला. तो पुरुषांचा. सुनेने ओटा झाडायचा, पुढे सडा घालायचा, चहा आणून ठेवायचा, बसायचं नाही. मी शिक्षिका आहे, पण शाळेतून येतानाही बोळातून मागच्या दाराने आत येते, कारण ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. घराच्या पुढच्या अंगाला माझी म्हणावी अशी एकच जागा होती. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या, एक आमची आणि एक दिराची, आणि दोन्ही खोल्यांना रस्त्यावर एकेक खिडकी. आमच्या खिडकीचा कट्टा चांगला रुंद होता. शाळेतून आल्यावर स्वयंपाकाला लागायच्या आधी मी त्यावर पाय वर घेऊन बसायची. वह्या तपासायच्या असायच्या, पण खरं म्हणजे मी रस्ता बघायची. केळीचे ट्रक, टपावर माणसं बसवून धडगावकडे निघालेल्या जीपा, मिरचीची पोती, सायकलवर मागे बसून भांडत जाणाऱ्या दोघी बहिणी. तेवढा वेळ मला कुणी हाक मारली तर ऐकू आली नाही म्हणता यायचं. नवरा विचारायचा, रस्त्यावर तुला एवढं दिसतं तरी काय. मी म्हणायची, रस्ता दिसतो.

दगड बघायला आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि शहाद्याचा इंजिनिअर. नवापूर ओलांडून गुजरातच्या हद्दीत शिरलं की हमरस्त्याच्या कडेला दगडाची मोठमोठी दुकानं आहेत. वाटेत खांडबारा लागलं. तिथे माझं माहेर आहे. येताना थांबू, असं नवरा म्हणाला आणि येताना उशीर झाला म्हणाला, हे सांगून ठेवते, कारण माझ्या नवऱ्याचा स्वभाव एवढ्यात कळेल. तो कधीच नाही म्हणत नाही.

दुकानात मात्र मी रमले, हे नाकबूल करणार नाही. मोकळ्या मैदानात दगडाच्या पाट्या उभ्या करून ठेवल्या होत्या. हळदीच्या रंगाचा जैसलमेरी, लाल आणि पांढुरका वालुकाश्म, सागाच्या फळीसारख्या रेघा असलेला एक, पापुद्र्यांचा करडा. एकाच दगडाची किती रूपं करतात ते मला तिथे कळलं. घासून आरशासारखा केलेला, टाकीने ठोकून खरखरीत केलेला, नुसताच फोडून ओबडधोबड ठेवलेला, आणि एक कातडीसारखा, हात फिरवला की मऊ आणि डोळ्यांना खडबडीत. दुकानदार प्रत्येक दगडावर पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "मॅडम, पावसात असा दिसेल." मीही दोन-चार दगडांवर पाणी ओतून बघितलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी बोलले की मान डोलवत होते. शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा त्यांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मग इंजिनिअरने मोबाईलवर घराचं चित्र दाखवलं. काम झाल्यावर घर कसं दिसेल ते. चित्रातल्या घरापुढे एक परदेशी गाडी उभी होती आणि आमच्याकडे कधीच न उगवणारी झाडं होती. वरचा मजला म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगडाची एकसंध भिंत. मी चित्र मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. खिडक्या नव्हत्या. मला वाटलं, काढायच्या राहिल्या असतील. तसं विचारलं तर इंजिनिअर कौतुकाने हसला. हल्ली हीच फॅशन आहे, म्हणाला, भिंत सलग हवी, मध्ये खिडकी आली की दगड उठून दिसत नाही. खिडक्या बाजूच्या भिंतीत घेऊ. बाजूच्या भिंतीपलीकडे हात लांब केला तर शेजारच्यांची भिंत लागते. ते मी बोलून दाखवलं. तेव्हा तो म्हणाला, पातळ दगड घेतला तर खिडकीपुढे दगडाची जाळी बसवता येईल, उजेड येत राहील.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आते डिझाइन व्हई गयं. मंग देखसूत."

मंग देखसूत म्हणजे नंतर बघू. आमच्या संसारातल्या बऱ्याच गोष्टी या मंगमध्ये जमा आहेत. आणि हे मी आबांना सांगू शकत नव्हते. सासूबाईंकरवी सांगायचं तर काय सांगायचं? सुनेला रस्ता बघायला खिडकी पाहिजे? हे वाक्य कुणाच्याही तोंडून, कोणत्याही सुरात काढून बघा, ते वाईटच ऐकू येतं. नवऱ्याकरवी सांगायचं तर तो हो म्हणणार आणि सांगणार नाही. राग मला इंजिनिअरचा आला नाही. राग आला तो सगळे एवढे खुशीत होते याचा.

तेवढ्यात मला दुकानाच्या कोपऱ्यात काळा दगड दिसला. आपलाच, सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंत सगळीकडे सापडणारा काळा पाषाण, चार बोटं जाड आणि टाकीने घडवलेला. दुकानदार म्हणाला, हा खूप वजनी माल आहे, लोक खालीच लावतात, जोत्याला किंवा फार तर ओट्यापर्यंत, वर कुणी चढवत नाही. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा दगड मी निवडला तर तो खालीच लागेल. वरचा मजला नुसता रंगवतील. खिडकीला कुणी हात लावणार नाही, कुणाला काही बोलायलाही लागणार नाही. या घरात राहून मी एवढं तर शिकले होते, की हवं ते मागायचं नसतं, अशी व्यवस्था करायची की ते आपोआप राहील.

मी काळ्या दगडावर पाणी ओतलं. तो आणखी काळा झाला, खरंच सुंदर दिसला. "हा," मी म्हणाले. इंजिनिअर जरा कचरला, पण मी ठाम होते.

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. घरी नवऱ्याने नमुन्याचा तुकडा आबांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, देवळाचा दगड आहे हा. गावात इतकी घरं झाली, कुणाला आपल्या डोंगराचा दगड सुचला नाही, बाहेरचा पिवळा आणून चिकटवतात. आणि लगेच पुढे म्हणाले, खालीच कशाला, वरपर्यंत लावू, गच्चीच्या कठड्यापर्यंत. तळोद्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला खाण आहे, तिथून आणू. इंजिनिअरला फोन लागला. त्याने सांगितलं की लावता येईल, लोखंडी पकडी घालून लावू, फक्त भिंत भरीव हवी. खिडकीवर एवढं वजन पेलणार नाही. जाळीचं विसरा, दोन्ही खिडक्या विटांनी पक्क्या बुजवाव्या लागतील.

पातळ पिवळा दगड घेतला असता तर जाळी तरी राहिली असती.

दगड यायला वेळ लागला. तोवर मी रोज नवऱ्याला सांगत होते आणि तो रोज हो म्हणत होता. शाळा सुरूच होती. माझ्या वर्गात डोंगरातून खाली वस्तीला आलेल्या घरांची मुलं आहेत, काहींचे आजी-आजोबा मणिबेलीकडचे, धरणामुळे नर्मदेचं पाणी चढलं तेव्हा उठून आलेले. ही मुलं घरी वेगळी भाषा बोलतात आणि वर्गात पहिले कित्येक महिने तोंडच उघडत नाहीत. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसते आणि सांगते, बाळांनो, चुकलं तरी चालेल, मोठ्याने बोला, जे हवं ते तोंडाने मागा. पाणी हवं तर पाणी म्हणा. त्या दिवसांत हे सांगताना माझी मलाच चीड यायची. संध्याकाळी बोळातून मागच्या दाराने घरात शिरणारी ही बाई मुलांना तोंडाने मागायला शिकवते.

एका दुपारी इंजिनिअर ओट्यावर कागद पसरून बसला होता. आबा होते, नवरा होता, गल्लीतले दोघं-तिघं होते. मी चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी येणार, आधी वरच्या खिडक्या बुजवणार, असं बोलणं चाललेलं माझ्या कानावर पडलं. मी ट्रे खाली ठेवला. माझं काही ठरलेलं नव्हतं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"आबा, मन्ही खिडकी बंद करू नका."

लग्नानंतर मी त्यांच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. गल्लीतल्या माणसांनी माना खाली घातल्या. इंजिनिअरने उचललेला कप पुन्हा ठेवला. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते दाराकडे वळले. दाराच्या आत सासूबाई उभ्या होत्या.

"तिले सांग," आबा त्यांना म्हणाले, "दगड तिनीच पसंत करेल शे."

आणि सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी ते वाक्य मला खरोखरच सांगितलं, की दगड तूच पसंत केला आहेस. त्यांच्या मनात काही नव्हतं. सवयीनेच बोलल्या. मी रिकामा ट्रे उचलला आणि आत गेले. संध्याकाळी नवरा म्हणाला, असं सगळ्यांसमोर कशाला बोललीस, मला सांगायचं होतंस. यावर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

गवंडी आले तेव्हा मी शाळेत होते. परत आले तर खिडकीच्या जागी ओल्या सिमेंटचा चौकोन होता. कट्टाही फोडून भिंत सपाट केली होती. शेजारच्या बाजूला छताजवळ एक झरोका काढला होता, त्यातून शेजाऱ्यांच्या भिंतीचा गिलावा दिसतो. मी पलंगावर बसले. हाका ऐकू येत होत्या आणि त्या ऐकू आल्या नाहीत असं म्हणण्यासारखी जागा आता घरात नव्हती. मी उठून भाकरी थापायला गेले.

दगड चढला. घर खरोखर देखणं झालं, हे मी मान्य करते. लोक रस्त्यात गाडी थांबवून फोटो काढायचे. आबा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मन्ही सूननी पसंती शे." आत चुलीपाशी मला ते ऐकू यायचं. एवढं कौतुक माझ्या वाट्याला या घरात कधी आलं नव्हतं. नात्यातल्या बायका मला विचारायला लागल्या, आम्ही कोणता दगड लावू? त्यांच्या सुनाही सोबत असायच्या आणि माझ्याकडे जरा हेव्याने बघायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, फक्त मारणाऱ्यांच्या हातात बुक्के नव्हते, पेढे होते.

त्यात घर पश्चिमेला तोंड करून. काळा दगड दुपारभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते सगळं आत सोडतो. उन्हाळ्यात आमच्या खोलीची ती भिंत अशी तापायची की पाठ टेकवता येत नव्हती. दीर गच्चीवर झोपायचा, नवरा त्याच्याबरोबर जायला लागला. सुनेने गच्चीवर झोपायची आमच्याकडे पद्धत नाही. मी पंखा लावून त्या भिंतीकडे पाठ करून पडायची.

उन्हाळा संपता संपता दिरासाठी स्थळ आलं, आणि आम्ही मुलगी बघायला जाण्याऐवजी मुलगीच घर बघायला आली. आई-वडील, एक आत्या आणि ती. शहाद्याजवळच्या गावची, पण नाशिकला शिकलेली, कपाळावर केस येऊ देणारी, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. चहा झाला, आबांची दगडाची गोष्ट सांगून झाली, आणि मला तिला घर दाखवायला पाठवण्यात आलं. दिराची खोली दाखवली, आमची दाखवली. ती आमच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"बाहेरून घर किती सुंदर दिसतं," ती म्हणाली. "दगड तुम्ही निवडला ना? खरं सांगू, मला गावात यायचंच नव्हतं. पण सुनेला विचारून घर करणारी माणसं असतील तर मी विचार करीन."

मला जिना उतरून पळून जावंसं वाटलं. हो, मीच निवडला, एवढं म्हटलं असतं तरी त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खाली सासूबाईंच्या बांगड्या वाजत होत्या, त्या पुऱ्या तळत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. खिडकीचं, काळ्या दगडाचं, ओट्यावरच्या त्या वाक्याचं आणि त्याला मिळालेल्या उत्तराचं. ती भिंतीजवळ गेली, तिथे हात ठेवला आणि लगेच काढला.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

"तू अजून या घरची झालेली नाहीस," मी म्हणाले. "आज तू आबांशी बोलू शकतेस, ते तुला उत्तर देतील. लग्नानंतर नाही देणार. तुला घर नको असेल तर नको म्हण. हवं असेल तर जे हवं ते आज माग, आत्ता, खाली जाऊन."

ती खाली गेली आणि तिने मागितलं. सगळ्यांसमोर, पुरी हातात धरून. आबा, घर मला आवडलं, फक्त वरच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी हवी, बंद खोलीत मला राहता येत नाही. तिच्या आत्याने तिला कोपर मारलं. आबा तिच्याकडे बघून मोकळं हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"व्हई जाई, बेटा," ते म्हणाले. "तुन्हं घर, तुन्ही खिडकी."

थेट तिलाच म्हणाले. मध्ये कुणी नाही.

मला बरं वाटलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की मी मठ्ठा आणायच्या निमित्ताने उठले. सगळं ठरलं, साखरपुड्याची तारीख निघाली. पुढच्याच आठवड्यात इंजिनिअर आला, वर बघितलं आणि म्हणाला, एक लोखंडी अँगल टाकला की झालं, दगड कापून खिडकी काढू, काही अवघड नाही. भिंत भरीव लागते, वजन पेलणार नाही, यातलं काहीच त्याला आठवत नव्हतं. मी त्याला आठवणही करून दिली नाही. त्याला खोटं बोलायचं नव्हतंच. आधी कुणी आग्रहाने विचारलं नव्हतं, एवढंच.

कापायला राजस्थानकडचा कारागीर आला. बांबूची परांची बांधून तो दिराच्या खोलीपुढे चढला आणि मशीन सुरू केली. काळ्या दगडाची धूळ पांढरी निघते हे मला माहीत नव्हतं. ती ओट्यावर, तुळशीवर, रस्त्यावरच्या गाड्यांवर बसत होती. धुळीमुळे घरातले सगळे बाहेर रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले, मीसुद्धा, आणि त्या गडबडीत सून पुढे का उभी आहे असं कुणी म्हणालं नाही. बघता बघता दगडाचे तुकडे खाली यायला लागले. मागच्या विटा पाडल्या. भिंतीत भोक पडलं आणि दिराच्या खोलीतला पंखा खालून दिसायला लागला. जेवणाच्या वेळेपर्यंत खिडकीची चौकट मोकळी झाली होती. मला वाटलं होतं त्याला दिवसच्या दिवस लागतील.

कारागिराने मशीन बंद केली, तोंडावरचा फडका खाली ओढला आणि वरून आबांना विचारलं, "सेठ, बाजूवाली भी निकाल दूँ क्या? मशीन लगी हुई है, अभी हो जाएगा."

बाजूची म्हणजे माझी. नवरा माझ्याकडे बघत होता, तो काही बोलेल असं मला क्षणभर वाटलं. आबांनी वर बघितलं, त्या सलग काळ्या भिंतीकडे, मग सासूबाईंकडे वळले.

"इचार तिले," ते म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत धूळ गेली होती, त्या पदराने डोळा पुसत होत्या. "आबा इचारी ऱ्हायनात," त्या म्हणाल्या, "तुन्ही बी खिडकी काढनी शे का?"

आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. पुरणाचा मांडा वाढायला कुणी आलं की आधी ताटावर हात आडवा धरायचा, नको म्हणायचं. भूक असली तरी, मांडा आवडत असला तरी. पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरा ठरतो. वाढणारा दुसऱ्यांदा म्हणतो, घ्या हो, एवढ्याने काय होतंय, आणि मग हात काढायचा. पाहुणा असो की घरचा, लहानपणापासून प्रत्येकाला हे शिकवलेलं असतं, मलाही खांडबाऱ्याला माझ्या आईने शिकवलं. माझी खिडकी परत मिळत होती, सगळे उभे होते, मशीन तयार होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "ऱ्हाऊ द्या."

आणि मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभी राहिले.

सासूबाईंनी वळून आबांना सांगितलं, "ऱ्हाऊ द्या म्हनस." आबांनी वर बघून हात हलवला. कारागिराने फडका खिशात कोंबला, परांचीवरून खाली उतरला आणि मशीनची वायर गुंडाळायला लागला. बाकीचे एकेक करून घरात गेले, जेवण निवत होतं. त्याची वायर गुंडाळून होईपर्यंत मी तिथेच उभी होते.